बकरीवर टार्गेट ट्रेनिंगचा सराव करताना या चुका टाळा

झू कीपर आणि प्राणी प्रशिक्षणाचा कोर्स करणारी खान्देशातली मुलं उन्हाळ्याच्या सुटीत घरी येतात, तेव्हा सरावासाठी हाताशी असते ती गोठ्यातली बकरी. निवड उत्तम आहे. बकरी चटकन शिकते आणि आपली चूक तितक्याच चटकन दाखवून देते. प्राणिसंग्रहालयात वाघाला जाळीजवळ बोलावून पंजा तपासणं किंवा हत्तीला पाय पुढे करायला शिकवणं, ही कामं याच पद्धतीने होतात. म्हणून इथे लागलेली वाईट सवय पुढे महागात पडते.

काठीची भीती

टार्गेट म्हणजे टोकाला चेंडू लावलेली काठी. प्राण्याने त्या चेंडूला नाक लावायचं असतं. पण आपल्याकडची बकरी काठी ओळखते ती हाकण्याची, पाठीत बसणारी. काठी उचलली की ती मागे सरते आणि विद्यार्थी तिला अडेल ठरवून मोकळा होतो. ती घाबरलेली असते. काठी बाजूला ठेवा. लाकडी पळीच्या टोकाला पिवळं प्लास्टिकचं झाकण बांधा आणि पहिले दोन दिवस ती नुसती जमिनीवर ठेवा. बकरीने तिकडे पाहिलं तरी क्लिक (क्लिकर या हातातल्या छोट्या खटक्याचा ‘टिक’ आवाज) आणि खाऊ. मग एक पाऊल पुढे आली तर, मग हुंगलं तर. पळी हातात घ्यायची ती त्यानंतर, आणि तीही खाली धरून.

उशिराचा क्लिक

सर्वांत जास्त सराव इथे बिघडतो. क्लिकचा अर्थ ‘आत्ता केलंस तेच हवं होतं’ असा आहे. नाक टेकल्यावर एका सेकंदाने क्लिक केला, तर तोवर बकरीने मान वळवलेली असते आणि ती मान वळवायलाच शिकते. मोबाइल विटांवर टेकवून शूटिंग करा आणि नंतर संथ गतीने पाहा. चूक कोणाची ते लगेच कळतं.

क्लिकर नसेल तर बटणाचं बॉलपेन चालतं. आवाजाला दचकत असेल तर ते रुमालात गुंडाळा. टार्गेट दाखवण्याआधी नुसतं क्लिक-खाऊ, क्लिक-खाऊ असं १५-२० वेळा करा. क्लिक ऐकून ती खाऊ शोधू लागली की अर्थ पोचला. क्लिक चुकून झाला तरी खाऊ द्यायचाच, नाहीतर त्या आवाजाला किंमत राहत नाही.

धडक मारून स्पर्श करत असेल, तर आधी जोरदार धडकेलाच क्लिक मिळालेले असतात. आता फक्त हलक्या स्पर्शाला क्लिक द्या. खिशाला तोंड लावत असेल तर खिशातून देणं बंद करा आणि दाणे टार्गेटजवळच्या वाटीत टाका.

मूठभर धान्य

ही चूक जिवावर बेतू शकते. बकरी खूश दिसते म्हणून मूठमूठ मका, बाजरी किंवा शिळी भाकरी घालतात. सवय नसताना एकदम जास्त धान्य पोटात गेलं की कोठीपोटात आम्ल वाढतं. रवंथ थांबतं, दात खाते, पातळ हगते, डावी कूस फुगते. असं दिसलं की घरगुती उपायांत वेळ न घालवता पशुवैद्यक गाठा.

एका खेपेला ज्वारीचे तीन-चार दाणे पुरतात. ३० वेळा दिले तरी जेमतेम चार-पाच ग्रॅम होतात. बाभळीच्या शेंगेचा बोटाच्या पेराएवढा तुकडाही तिला फार आवडतो. रावेर-यावलकडे केळी मुबलक म्हणून अख्खं केळं पुढे करू नका, हरभऱ्याएवढे तुकडे करा. आणि शिकावी म्हणून उपाशी मात्र कधीच ठेवू नका. भुकेली बकरी झोंबते, शिकत नाही.

वेळ आणि पायऱ्या

जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. सराव सकाळी आठच्या आत किंवा दिवस मावळल्यावर, निंबाच्या सावलीत नाहीतर गोठ्यात, तीन ते पाच मिनिटं, दिवसातून दोनदा. तोंड उघडून धापा टाकू लागली की थांबायचं.

अंतर वाढवताना घाई होते. एक वीत अंतरावर दहांपैकी आठ वेळा जमलं तरच दोन वीत करा. लागोपाठ दोनदा चुकली की एक पायरी मागे या. तारीख, वेळ, किती प्रयत्न, किती जमले आणि लेंड्या कशा होत्या, हे रोज वहीत लिहा. कीपरच्या नोंदवहीची तयारी यातूनच होते.

बकरीवरून पिंजऱ्याकडे जाताना

बकरीला हातावर भरवायची सवय जाळीसमोर घातक ठरते. तिथे खाऊ चिमट्याने द्यायचा, बोटं जाळीबाहेरच. आतलं फाटक उघडण्याआधी प्राणी डोळ्यांनी मोजायचे आणि कुलूप लावल्यावर ओढून पाहायचं.

घरी पोपट किंवा माकडाचं पिल्लू आणून त्यावर सराव करायचा विचारही नको. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ प्रमाणे देशी पोपट पाळणं हाही गुन्हा आहे.

सुटी संपवून परतताना गोठ्यातले बूट-कपडे घरीच ठेवा. पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांची विषाणूजन्य साथ) आणि लाळ्या-खुरकूत हे बकऱ्यांचे रोग हरणांनाही होतात, आणि चिखलाने माखलेला बूट ते थेट चितळांच्या आवारात पोचवू शकतो. गावात साथ चालू असेल, तर कामावर रुजू होण्याआधी तिथल्या पशुवैद्यकांना तसं स्पष्ट सांगा.