मोसंबीची शीतप्रक्रिया
जळगावची मोसंबी परदेशी पाठवताना फळमाशीची अंडी व अळ्या गरातच मराव्यात इतके दिवस फळ थंड ठेवावे लागते. भूमध्य फळमाशीसाठी अमेरिकेच्या एका वेळापत्रकात हा काळ १.११ अंश सेल्सिअसला १४, तर २.२२ अंशांना १८ दिवस आहे. आपल्याकडची माशी निराळी, म्हणून आयात करणाऱ्या देशाची अट आधी पाहावी.

मोजायचे ते गराचे तापमान, खोलीतील हवेचे नव्हे. त्यासाठी संवेदक बर्फाचा चुरा आणि शुद्ध पाणी यांच्या लगद्यात बुडवून तो शून्य अंश दाखवतो का, हे तपासावे आणि मगच त्याचे टोक गराच्या मध्यापर्यंत, पण पलीकडून बाहेर येणार नाही अशा बेताने खुपसावे. फळे आधीच गार करून भरावीत. रावेरच्या केळीवर मात्र हा प्रयोग नको. १३ अंशांखाली तिची साल काळवंडते.