शार्कची जाळी म्हणजे कंपाउंड नव्हे, या चुका टाळा

आपल्या बेळगाव-खानापूरकडच्या माणसाचा समुद्र म्हणजे चोर्ला घाट उतरून गोवा, नाहीतर आंबोलीवरून वेंगुर्ला-मालवण, आणि शार्क म्हणजे ताटातली मोरी. पण आता पोरं सिडनी-डर्बनला असतात. माझा भाचा सिडनीत आहे, परवा फोनवर म्हणतो, "मामा कशाला काळजी करालाय तुम्ही, बीचला जाळी लावलीय की!" तर पहिली चूक हीच.

ती जाळी किनाऱ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नसतेच ओ. सिडनीकडचं एक जाळं साधारण 150 मीटर लांब आणि 6 मीटर उंच, किनाऱ्यापासून 500 मीटरच्या आसपास, दहाएक मीटर खोल पाण्यात सोडलेलं, म्हणजे वरून मोकळं किंवा खालून मोकळं, आणि दोन्ही बाजूंनी तर मोकळंच मोकळं. मालवणात मासे धरायला पाण्यात उभं जाळं सोडतात ना, तोच प्रकार, फक्त डोळे (भोकं) मोठे. शार्कला अडवायचं नाही तर धरायचं, म्हणजे त्या भागात फिरणारे शार्क कमी होतात, असा 1937 पासूनचा हिशोब. तिथं सापडलेल्या शार्कपैकी साधारण 40 टक्के किनाऱ्याच्या बाजूनं अडकलेले होते, म्हणजे ते आत येऊन, फिरून परत जात होते! डर्बनला 1952 पासून असंच चालू आहे, फक्त तिथं जाळ्यांच्या दोन रांगा.

खरं कुंपण बघायचं तर हाँगकाँगला. तिथं पोहायची जागाच बारीक जाळीनं वेढून टाकतात, 1995 ला लागोपाठ माणसं गेल्यावर हे वाढवलं. केपटाउनजवळ फिश होकला पण तसलं जाळं आहे, ते सकाळी लावतात आणि संध्याकाळी काढतात. तेव्हा "जाळी आहे का" एवढंच विचारू नका, कसली आहे ते पण विचारा.

दुसरी चूक, तारीख न बघणं. सिडनीची जाळी सप्टेंबरला पाण्यात जाते आणि उन्हाळा संपला की निघते (त्यांचा उन्हाळा म्हणजे आपली थंडी, हे पण लक्षात ठेवा). डर्बनच्या बाजूला जून-जुलैत सार्डिन माशांचे थवेच्या थवे येतात, त्यांच्या मागं शार्क, डॉल्फिन सगळेच, मग जाळ्यात भलतंच अडकू नये म्हणून ती उचलतात. आधीच कासवं, डॉल्फिन, रे मासे फुकट मरतात त्यात, कासवाला श्वासाला वर यावं लागतं आणि शार्कला पाण्यात हलता आलं नाही की तो पण गुदमरतो. मला विचाराल तर सिडनीकडं आता ड्रोननं नजर ठेवतात, पाण्यात सोडलेल्या गळाला शार्क लागला की सिग्नल जातो आणि बोटवाले जाऊन त्याला खूण लावून लांब नेऊन सोडतात, ते जास्त बरं वाटतं.

जाळ्याच्या बोयांपर्यंत पोहून जायची पैज लावू नका, हे वेगळं सांगायला नको. काही अडकलेलं दिसलं तर सोडवायला स्वतः जायचं नाही, लाइफगार्डला सांगायचं.

वेळेचं पण बघा. मोठ्या पावसानंतर गढूळ पाणी, नदीचं मुख, पहाट आणि तिन्हीसांजा, अशा वेळी बुल शार्क जवळ येतो, जाळी असो नसो. कुणाला चावलाच तर बाहेर काढून जखमेवर कपडा घट्ट दाबून धरायचा आणि अँब्युलन्स येईपर्यंत सोडायचा नाही, धुवत बसू नका.

आणि गोव्यात जाऊन "इथं जाळी कुठाय?" विचारणारे पण बघितलेत मी. तिथं नाही जाळी, आणि घात करतो तो शार्क नव्हे तर ओढ, म्हणजे माणसाला समुद्रात आत खेचून नेणारा प्रवाह. लाल बावटा असेल तर उतरायचंच नाही, आणि ओढीत सापडलातच तर किनाऱ्याकडं तोंड करून झुंजायचं नाही, आधी किनाऱ्याला समांतर आडवं पोहायचं, ओढ सुटली की मग किनाऱ्याकडं वळायचं. भाच्याला पण हेच सांगितलं, तर म्हणतो, "मामा, तुम्हाला तर पोहायलाच येत नाही."