विंडोज ११ घ्यावं की नाही? आमच्या अडतीतला अनुभव

सांगलीच्या मार्केट यार्डात आमची हळदीची अडत आहे. पट्ट्या (शेतकऱ्याला द्यायचा विक्रीचा हिशेब), उचल, शेतकऱ्यांची खाती सगळं एकाच कॉम्प्युटरवर. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तरी मी टाळत होतो. धाकधूक एकच, जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर बंद पडला तर पट्टी कशी काढायची?

शेवटी तपासणी केली, तर ‘हा पीसी चालणार नाही’ असं उत्तर आलं. प्रोसेसर नवव्या पिढीचा आय-फाइव्ह, रॅम ८ जीबी, मग अडतंय कुठे? विंडोजच्या ‘रन’ चौकटीत ‘टीपीएम डॉट एमएससी’ टाकलं, तर टीपीएम, म्हणजे विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची सोय, सापडतच नव्हतं. सोय होती, पण बायोसमध्ये (कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंगमध्ये) बंद! इंटेलच्या मदरबोर्डवर तिला ‘पीटीटी’ म्हणतात, म्हणून आधी नजरेतून सुटली. ती चालू केली आणि तपासणी पास झाली.

तरी घाई केली नाही. खात्यांचा बॅकअप दोन ठिकाणी घेतला, आणि अमावास्येला, सौदे बंद असताना, अपग्रेड केलं. दहा दिवसांत जुन्यावर परतता येतं, हा मोठा आधार होता. प्रिंटरचा ड्रायव्हर पुन्हा टाकावा लागला, एवढंच. दुसऱ्या दिवशी पहिली पट्टी स्वच्छ निघाली.