पेनड्राइव्हला नकार देणाऱ्या लॅपटॉपवर लिनक्स बसवण्याची तयारी

सीडी ड्राइव्ह बंद आणि यूएसबी पोर्ट मेलेले, अशा लॅपटॉपवर लिनक्स बसवायचे असेल तर आत शिरायला दोनच दारे उरतात: नेटवर्क केबल, नाहीतर डिस्कवर आधीपासून चालू असलेली ऑपरेटिंग सिस्टीम. म्हणून जुनी सिस्टीम घाईने पुसू नये. ती चालू आहे तोवरच दुसरे दार उघडे असते.

फोटो आणि कागदपत्रे नेटवर्कवरून दुसऱ्या संगणकावर उतरवून घ्यावीत. त्यानंतर प्रोसेसर ६४ बिटचा आहे का ते पाहावे, कारण ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ला (डेबियन हा लिनक्सचाच एक प्रकार) ३२ बिटचा इन्स्टॉलर नाही. ३२ बिटचा प्रोसेसर निघाला तर डेबियन १२ घ्यावे लागेल.

बायोसमध्ये (लॅपटॉप चालू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) नेटवर्क बूट, म्हणजे केबलवरून लॅपटॉप सुरू करणारे पीएक्सई, चालू करता येत असेल तर तीच वाट सोयीची. दुसऱ्या संगणकावर डीएनएसमास्क नावाचा छोटा प्रोग्रॅम बसवावा, त्यातून डीएचसीपी (लॅपटॉपला नेटवर्कवरचा पत्ता देणारी सेवा) आणि टीएफटीपी (त्याला फाइली पाठवणारी सेवा) दोन्ही सुरू करावेत आणि डेबियनचा नेटबूट गठ्ठा, म्हणजे नेटवर्कवरून सुरू होणाऱ्या इन्स्टॉलरच्या फाइली, टीएफटीपीच्या फोल्डरमध्ये सोडावा. ही केबल घरच्या राउटरला जोडू नये, कारण एकाच जाळ्यात दोन डीएचसीपी भांडू लागले की लॅपटॉप कोणाचे ऐकेल याचा नेम नसतो. दोन्ही संगणक थेट जोडावेत. जुन्या कार्डाला सरळ केबल चालली नाही तर मध्ये साधा स्विच टाकावा. इन्स्टॉलर पुढची पॅकेजेस इंटरनेटवरून ओढतो, म्हणून दुसऱ्या संगणकाचे वाय-फाय या केबलवर वाटून ठेवावे लागते. हे माझ्याकडून हमखास राहून जाते.

पीएक्सई नसेल, पण डिस्कवर जुने लिनक्स असेल, तर नेटबूटचे कर्नल (लिनक्सचा गाभा) आणि इनिटआरडी (सुरुवातीला रॅममध्ये उतरणारा इन्स्टॉलरचा संच) या दोनच फाइली बूट फोल्डरमध्ये ठेवून ग्रबमध्ये, म्हणजे सुरुवातीला काय चालवायचे ते विचारणाऱ्या मेनूत, त्यांची नोंद करावी. हा इन्स्टॉलर पूर्णपणे रॅममध्ये उतरतो, त्यामुळे ज्या डिस्कवरून तो सुरू झाला तीच नंतर निर्धास्त पुसता येते. डिस्क काढून दुसऱ्या यंत्रात लिनक्स बसवणे ही तिसरी वाट खरी, पण बारीक स्क्रू आणि जुने प्लास्टिक पाहता ती मी शेवटी ठेवतो.

बायोसचा सेल उतरला असेल तर तो आधी बदलावा, कारण तारीख मागे गेली की पॅकेजांच्या सह्यांची पडताळणीच अडते.

विजेचे मात्र आमच्या खान्देशात वेगळे सांगावे लागते. जुन्या लॅपटॉपची बॅटरी बहुधा नावापुरतीच असते आणि डिस्कचे विभाजन चालू असताना वीज गेली तर दोन्ही दारांपैकी एक तरी बंद होते. अमळनेरला एकदा हे भोगल्यापासून मी इन्व्हर्टर भरल्याशिवाय बसत नाही. मे महिन्यात जळगावचा पारा पंचेचाळीसकडे झुकतो, तेव्हा पंख्यातली धूळ आदल्या दिवशी झटकावी आणि काम पहाटे पाच वाजता सुरू करावे.