बाजारातला राउटर कक्षेत पाठवताना या चुका टाळा

विद्यार्थ्यांनी बांधलेले उपग्रह आता महाराष्ट्राला नवे नाहीत. पुण्याच्या सीओईपीचा ‘स्वयम्’ जून २०१६ मध्ये गेला, आयआयटी मुंबईचा ‘प्रथम’ त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये. पीएसएलव्हीचा चौथा टप्पा कक्षेतच ठेवून त्यावर प्रयोग बसवायची ‘पोएम’ची सोयही आता इस्रोने केली आहे. त्यामुळे नव्या टीममध्ये हा प्रश्न हमखास निघतो: दुकानात मिळणारा राउटर किंवा स्विचचा बोर्ड वर चालेल का?

चालतो. २७ सप्टेंबर २००३ रोजी रशियातल्या प्लेसेत्स्क तळावरून यूके-डीएमसी हा उपग्रह उडाला. इंग्लंडच्या सरे सॅटेलाइट टेक्नॉलॉजीने बांधलेल्या त्या उपग्रहात सिस्कोचा ३२५१ मोबाइल अ‍ॅक्सेस राउटर होता. पीसी-१०४ या ठरलेल्या लहान मापाची कार्डं, आतलं सॉफ्टवेअरही विकत मिळतं तेच. बदल मोजकेच केले होते, पण कुठे करायचे ते नीट ओळखून. नव्या टीम बहुतेक वेळा इथेच चुकतात. सगळी धास्ती किरणोत्साराची घेतात, आणि बोर्ड बंद पडतो तो उष्णतेने, सोल्डरने किंवा साध्या रीबूटने.

चेंबरमध्ये गेल्यावर रीबूट होतो

टेबलावर दिवसभर बिनतक्रार चालणारा बोर्ड निर्वात चेंबरमध्ये थोड्याच वेळात अडखळू लागला, तर आधी उष्णता बघा. ‘आमच्या बोर्डला पंखाच नाही, मग काय अडचण?’ असं म्हणणं ही पहिली चूक. पंखा नसलेला बोर्डही आपली उष्णता भोवतीच्या हवेलाच देत असतो. चिपवरच्या हीट सिंकच्या उभ्या पात्या हवेसाठीच असतात, निर्वातात त्यांचा फारसा उपयोग नाही. तिथे उष्णता धातूतूनच बाहेर काढावी लागते. यूके-डीएमसीवर प्रोसेसरची उष्णता थेट चेसीत (बाहेरच्या धातूच्या सांगाड्यात) जाईल अशी धातूची वाट करून दिली होती.

दुसरी चूक अशी की सगळं लक्ष प्रोसेसरवर असतं. इथरनेटची फिजिकल लेयरची चिप, पॉवर सप्लायमधले कन्व्हर्टर आणि मेमरी यांच्याकडे कोणी बघत नाही. प्रत्येकावर थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) चिकटवा आणि मगच चेंबर बंद करा. ओव्हनमध्ये ६० अंशांवर चाचणी पास झाली म्हणून निश्चिंत होऊ नका. ओव्हनमधली गरम हवा सगळ्या बोर्डवरून फिरते आणि एखादी चिप एकटी तापत असेल तर ते झाकून टाकते. निर्वातात तीच चिप शेजारच्या चिपपेक्षा वीस-तीस अंश वर जाऊ शकते.

चिप आणि धातू यांच्यामध्ये दुकानातली साधी थर्मल पेस्टही लावू नका. निर्वातात तिच्यातलं तेल सुटतं आणि कॅमेऱ्याच्या भिंगावर जाऊन बसतं. कोणताही पदार्थ निवडताना ठरलेली कसोटी बघा: १२५ अंशांवर २४ तास निर्वातात ठेवल्यावर एकूण वजनातली घट १ टक्क्याच्या आत आणि गार पृष्ठभागावर साचणारा अंश ०.१ टक्क्याच्या आत. पीव्हीसीची वायर इथेच बाद होते, टेफ्लॉनची घ्या.

बोर्डवरून काय काढायचं ते विसरणं

ओले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर काढून कोरडे बसवा. आतला द्रव निर्वातात टिकत नाही. यूके-डीएमसीच्या राउटरवर हे केलं होतं, शिवाय घड्याळाची बॅटरी काढली होती आणि प्लग-सॉकेटऐवजी वायरी थेट सोल्डर केल्या होत्या. आरजे-४५ चं, म्हणजे नेटवर्क केबलच्या प्लगचं, प्लास्टिकचं कुलूप ऑफिसच्या रॅकसाठी ठीक आहे, रॉकेटच्या थरथराटात त्याच्यावर भिस्त ठेवायची नाही.

सोल्डरचं प्रकरण जास्त फसवं आहे, कारण त्याचा दोष चाचणीत दिसत नाही. शुद्ध कथिलाच्या मुलाम्यातून केसासारखे धातूचे तंतू आपोआप वाढतात आणि चिपच्या शेजारच्या दोन पायांना जोडून शॉर्ट करतात. मे १९९८ मध्ये गॅलॅक्सी-४ हा दळणवळण उपग्रह हातचा गेला आणि अमेरिकेतले कोट्यवधी पेजर एकदम मुके झाले. त्या बिघाडाचं कारण हेच तंतू मानलं जातं. सिस्कोच्या त्या कार्डांसाठी शिसंमिश्रित सोल्डर वापरलं होतं ते यासाठीच. आज बाजारातला बहुतेक माल शिसंविरहित असतो, त्यामुळे हा धोका २००३ पेक्षा आता मोठा आहे. बोर्ड विकत घेतानाच पायांवरचा मुलामा कसला आहे ते लेखी विचारा.

बॅटरी काढल्याचा एक परिणाम मात्र कोणाच्या लक्षात राहत नाही. राउटर दर वेळी जुन्याच तारखेला जागा होतो. सिस्कोच्या जुन्या आयओएसमध्ये (राउटरच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये) ही तारीख १ मार्च १९९३ असायची. आता तुम्ही सर्टिफिकेटवर आधारलेलं आयपीसेक (सांकेतिक, सुरक्षित जोडणी) लावलं असेल, तर राउटर सर्टिफिकेट ‘अजून लागू नाही’ म्हणून नाकारतो, ती सुरक्षित जोडणी (बोगदा) जुळत नाही आणि टीम अँटेना तपासत बसते. चालू झाल्याबरोबर उपग्रहाच्या मुख्य संगणकाकडून वेळ मिळेल अशी सोय करा.

रीसेट केला तरी करंट उतरत नाही

हा लॅच-अप. एखादा जड कण चिपमधून जातो, आत नको ती वाट उघडते आणि करंट धो धो वाहू लागतो. रीसेटने ती वाट बंद होत नाही, वीजच तोडावी लागते. म्हणून राउटरच्या पुरवठ्यावर करंट-मर्यादक स्विच हवा. तो स्वतःहून तोडेल आणि थोड्या वेळाने पुन्हा जोडेल असा. वॉचडॉग, म्हणजे अडकलेली चिप रीसेट करणारा टायमर, हाही त्याच चिपच्या पोटात नको, बाहेर हवा. अ‍ॅल्युमिनियमचं जाड कवच घालून हा प्रश्न सुटेल या भ्रमात राहू नका, जोरदार प्रोटॉन त्यातून आरपार जातात. कवच किरणोत्साराची एकूण मात्रा कमी करतं, तेवढ्यापुरतं ते हवं.

स्टोरेजची काळजी वेगळी घ्या. एचपीई कंपनीने ऑगस्ट २०१७ मध्ये अंतराळ स्थानकावर साधे सर्व्हर पाठवले. ते परत आले तेव्हा संगणक ठीक होते, पण एसएसडी बऱ्याच निकामी झाल्या होत्या. फर्मवेअरच्या दोन प्रती वेगवेगळ्या चिपवर ठेवा आणि बूट होताना चेकसम (प्रत बिघडली नाही ना हे सांगणारा आकडा) तपासा.

डाउनलिंक वेगवान, तरी फाइल उतरत नाही

यूके-डीएमसीचा डाउनलिंक (उपग्रहाकडून जमिनीकडे) सेकंदाला ८.१ मेगाबिट होता आणि अपलिंक (जमिनीकडून वर) फक्त ९,६०० बिट. अशा जोडणीवर साधं टीसीपी (इंटरनेटची नेहमीची, पोचपावती मागणारी पद्धत) लावलं की काय होतं ते मोजून बघा. १,५०० बाइटच्या दर दोन पॅकेटमागे ४० बाइटची एक पोचपावती धरा. पूर्ण वेगाला सेकंदाला साधारण ३३७ पावत्या, म्हणजे वर जाणारे १०८ किलोबिट लागतात. अपलिंक त्याच्या अकराव्या हिश्शाचीही नाही, म्हणजे डाउनलिंक सात-आठशे किलोबिटांवर अडकतो. उपग्रह डोक्यावर असतो जेमतेम दहा-बारा मिनिटं. म्हणून तिथे यूडीपीवरची (स्वतः पावती न मागणाऱ्या पद्धतीवरची) साराटोगा पद्धत वापरत. प्रत्येक पॅकेटला पावती द्यायची नाही, काय हुकलं तेवढंच कळवायचं.

लिंकची फ्रेम (डेटाचं पाकीट) घरी रचायच्या फंदातही पडू नका. सरेने एचडीएलसीवर फ्रेम रिले हे फ्रेमचं तयार, प्रमाणित रूप घेतलं, कारण कोणत्याही राउटरच्या सीरियल पोर्टला ते आधीपासूनच येतं. त्यामुळे जमिनीवरही बाजारातलाच राउटर लावता आला.

आणि राउटर बूट व्हायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजा. वीज वाचवायला तो गरजेपुरताच चालू करणार असाल, तर दहा मिनिटांच्या फेरीतली दोन मिनिटं बूटमध्येच जातात. संपर्क सुरू व्हायच्या आधीच तो जागा होईल असा टायमर मुख्य संगणकात ठेवा. चालू कॉन्फिगरेशन सेव्ह न करता फेरी संपली, तर पुढच्या फेरीत सगळं पुन्हा टाइप करावं लागतं, तेही ९,६०० बिटांवर. म्हणून आज्ञांची स्क्रिप्ट आधी करा आणि ती जमिनीवरच्या जुळ्या राउटरवर, तोच वेग आणि तेवढीच वेळ लावून चालवून बघा. नासाच्या ग्लेन केंद्राने या राउटरसाठी असा चाचणीसंच जमिनीवर ठेवला होता. पैसे कमी पडत असतील तर दुसरं काहीही कापा, पण दोन बोर्ड एकाच लॉटमधले घ्या आणि एक टेबलावर ठेवा.