एक सेल, एक बल्ब आणि एकच वायर

मुलांना विद्युत परिपथ शिकवताना फळ्यावरची आकृती नंतर काढावी. आधी त्यांच्या हातात टॉर्चचा एक सेल, एक छोटा बल्ब आणि दोन्ही टोके सोललेला वीतभर वायरचा एकच तुकडा द्यावा, ‘हा पेटवून दाखवा’ एवढेच म्हणावे आणि मोठ्यांनी गप्प बसावे. बल्ब मात्र काचेत बारीक तार दिसणारा, २.५ व्होल्टचा असावा. एलईडी १.५ व्होल्टच्या एका सेलवर उजळत नाही आणि उलटा जोडला तर कितीही सेल लावून उपयोग नसतो, त्यामुळे मुले सुरुवातीलाच नाउमेद होतात.

बहुतेक मुले वायरचे एक टोक सेलच्या टोपीला आणि दुसरे बल्बच्या बुडाला लावून वाट पाहत बसतात. विहिरीवरचे पाणी पाइपाने वाफ्यात यावे तशी वीज एका बाजूने येते, अशी त्यांची समजूत असते. घरातल्या दिव्याकडेही एकच वायर जाताना दिसते ना! अशा वेळी उत्तर सांगू नये, बल्ब नीट पाहायला लावावा. बुडाशी धातूचा ठिपका आहे, भोवती धातूची टोपी आहे आणि दोहोंच्या मध्ये वीज न वाहू देणारी कडी आहे. आतल्या तारेचे एक टोक ठिपक्याला व दुसरे टोपीला जोडलेले असते, हे कळले की मुले बल्ब सेलवर उभा धरून, सेलच्या खालच्या बाजूची वायर बल्बच्या टोपीला टेकवून पाहतात. बल्ब पेटल्यावर घरातल्या जुन्या, कुठेही न जोडलेल्या वायरचा तुकडा कापून दाखवावा, म्हणजे एका आवरणात दोन तारा असल्याचे दिसते.

पुढे वायरचा आणखी एक तुकडा घेऊन परिपथात मुद्दाम फट ठेवावी आणि तिथे सायकलचा आरा, काचेची बांगडी, वाळलेली पऱ्हाटी (कपाशीची काडी) अशा वस्तू लावून पाहाव्यात. गंजलेल्या खिळ्याने बहुधा बल्ब पेटत नाही, पण तोच खिळा दगडावर घासल्यावर पेटतो. या एका खिळ्यावर मुले बराच वेळ रमतात. ओल्या पऱ्हाटीनेही बल्ब पेटत नाही, तरी तिच्यातून थोडी वीज वाहतेच, हे इथेच सांगावे, कारण घरच्या २३० व्होल्टला ती थोडीही जीवघेणी ठरू शकते. म्हणून घरचा बोर्ड आणि रानडुकरांसाठी कुंपणाला लावलेली झटका मशीन या प्रयोगांतून पूर्णपणे वगळावी. फवारणी पंपाची १२ व्होल्टची बॅटरीही देऊ नये. तिची दोन टोके नुसत्या वायरने जोडली गेली तर ठिणगी उडते, वायर लालबुंद होते आणि हात भाजतो. लहान सेलवरही तसे केल्यास वायर तापते, हे मुलांना आधीच बजावावे.

दोन बल्ब एकापुढे एक जोडण्यापूर्वी अंदाज विचारावा. पहिला बल्ब वीज ‘खातो’, म्हणून दुसरा मंद असेल, असे उत्तर हमखास येते. प्रत्यक्षात सारखे बल्ब सारखेच मंद पेटतात.

संत्र्यांच्या हंगामात एका फळात जस्ताचा मुलामा दिलेला खिळा आणि तांब्याची तार, एकमेकांना न टेकता, खोचावी. अशी चार-पाच फळे एकसर, म्हणजे एकाची तार पुढच्याच्या खिळ्याला अशी, जोडल्यास लाल एलईडी अंधारात मंद उजळतो, पण तारेचा बल्ब पेटत नाही, कारण एवढा प्रवाह त्यांतून मिळत नाही. जस्त रसात विरघळत असल्याने ती संत्री नंतर खाऊ नयेत.