आंबणारी बिअर उजेडापासून कशी जपावी

हॉप्स (बिअरला कडूपणा देणारी वेलीची फुलं) घातलेली बिअर उजेडात राहिली की तिला जळक्या रबरासारखा, लसणीसारखा उग्र दर्प येतो, आणि एकदा आलेला हा दर्प कशानेही निघत नाही. (महाराष्ट्रात परवान्याशिवाय बिअर बनवणं १९४९च्या दारूबंदी कायद्याने गुन्हा आहे, तेव्हा परवान्याचं आधी बघा.)

हॉप्स उकळताना कडूपणा देणारी आयसो-आल्फा आम्लं तयार होतात. बिअरमधलं रायबोफ्लेविन (ब२ जीवनसत्त्व) उजेड शोषून ती फोडतं आणि त्यातून थायॉल नावाचं गंधकयुक्त संयुग बनतं. लिटरमागे काही नॅनोग्रॅम असलं तरी नाकाला कळतं. यात मुख्य हात ३५० ते ५०० नॅनोमीटरच्या उजेडाचा, म्हणजे जवळच्या अतिनील किरणांपासून निळ्यापर्यंतचा. थेट उन्हात काही मिनिटं पुरतात. खिडकीची काच हा उजेड फारसा अडवत नाही, आणि पांढऱ्या एलईडी ट्यूबमध्येही निळा भाग भरपूर असतो.

म्हणून भांडं नीट पारखा. पिण्याच्या पाण्याचा २० लिटरचा निळसर जार अनेकजण वापरतात. तो निळा दिसतो कारण निळा उजेड त्यातून आरपार जातो, आणि आपल्याला अडवायचाय नेमका तोच. पांढरी प्लास्टिकची बादलीही पूर्ण अपारदर्शक नसते. स्टीलच्या पिंपाला मात्र काही झाकावं लागत नाही.

झाकण्यासाठी पडद्याचं ब्लॅकआउट अस्तर उत्तम. मुंबईत मंगलदास मार्केटमध्ये मीटरवर मिळतं. जाराचा घेर मोजून त्यात १० सेंटिमीटर मिळवा, उंचीत १५. वरच्या कडेला नाडी घालून मानेशी आवळा. मानेचा उरलेला भाग अॅल्युमिनियम फॉइलने झाका, पण एअरलॉकचं (आतला वायू बाहेर सोडणाऱ्या, बाहेरची हवा आत न येऊ देणाऱ्या झडपेचं) तोंड मोकळं ठेवा. ते दाबलं गेलं तर वायू कोंडून बूच उडतं.

आता मुंबईचा खरा पेच: काळोख केला की उकाडा कोंडतो. जुनी गोधडी गुंडाळायचा मोह टाळा. पहिले दोन-तीन दिवस यीस्ट जोरात असताना बिअर खोलीपेक्षा ३ ते ५ अंशांनी गरम होते, आणि गोधडी ती ऊब धरून ठेवते. एल (ale) प्रकारच्या बिअरच्या यीस्टला साधारण १८ ते २२ अंश हवेत. त्याहून फार वर गेलं की फळांचा अतिरेकी वास आणि जड अल्कोहोल तयार होतात. म्हणून आवरण एकपदरी ठेवा, जार अपारदर्शक टबात पाण्यात उभा करा आणि सकाळ-संध्याकाळ गोठवलेल्या १ लिटरच्या दोन बाटल्या पाण्यात सोडा. तापमापकाची पट्टी आवरणाच्या आत, जाराला चिकटवा. ओलं फडकं गुंडाळण्याचा उपाय कोरड्या हवेचा आहे. इथल्या दमट हवेत पाणी फारसं उडत नाही, पावसाळ्यात तर फडक्यावर बुरशी धरते. आवरणाची खालची कडही पाण्यात बुडू देऊ नका.

जागा निवडताना माळा नको. छताची उष्णता तिथेच साठते, आणि भरलेला जार २० किलोच्या वर जातो. पश्चिमेच्या खिडकीपासून लांब, आतल्या खोलीतला जमिनीवरचा कोपरा बरा. बंद कपाटात ठेवलात तर दार अधूनमधून उघडा, कारण कार्बन डायऑक्साइड साठतो.

आवरण खरंच काम करतंय का, हे बिअर भरण्याआधीच तपासावं. बॅटरीवर चालणारी दिवाळीची एलईडी माळ रिकाम्या जारात सोडा, आवरण चढवा आणि रात्री खोलीतले दिवे घालवा. उजेड कुठे झिरपतो ते लगेच दिसेल: बहुतेक वेळा मानेशी किंवा शिवणीपाशी. तिथे काळी टेप लावा, मग जार धुऊन निर्जंतुक करा.

इतकी काळजी घेऊनही बिअर बिघडते ती बहुधा नमुना काढताना किंवा बाटल्या भरताना. हायड्रोमीटरने (बिअरची घनता मोजणाऱ्या उपकरणाने) मोजण्यासाठी आवरण पूर्ण उतरवू नका, फक्त मान उघडा आणि काढलेला नमुना परत ओतू नका. बाटल्या रात्री, मंद पिवळ्या दिव्यात भरा, कारण पारदर्शक नळीतून जाणाऱ्या बिअरला कसलंच संरक्षण नसतं. बाटली तपकिरीच घ्या; हिरवी काच फार थोडा उजेड अडवते. भरलेल्या बाटल्या लगेच खोक्यात.

आंबवताना सडक्या अंड्याचा वास आला तर घाबरू नका. तो यीस्टचा हायड्रोजन सल्फाइड असतो आणि एअरलॉकमधून बहुतेक निघून जातो. ओल्या पुठ्ठ्याची चव लागली तर हवा शिरली आहे, तिथे आवरणाचा दोष शोधत बसू नका.